फिटची गोळी आणि चेहऱ्याची कळ



ही व्याख्यानमाला एका दंतवैद्याच्या स्मरणार्थ चालते आणि मी दंतवैद्य नाही. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले, म्हणजे रोग्याला हात न लावता त्याच्या पोटात काय जाते याचा विचार करण्याचा पगार घेतला. तरीही संयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली तेव्हा मी हा विषय घेतला. दंतवैद्याची खुर्ची आणि औषधशास्त्राचा फळा यांची गाठ पडते ती चेहऱ्याच्या नसेपाशी.

चेहऱ्यावरच्या नसेला इजा होते. अक्कलदाढ काढताना होते, अपघातात गालाचे हाड मोडल्यावर होते. जखम भरते, टाके निघतात, एक्स-रे चांगला येतो आणि दुखणे मात्र राहून जाते. डॉक्टर एक गोळी लिहून देतात. रुग्ण घरी येतो, मुलगी मोबाइलवर गोळीचे नाव शोधते आणि पहिल्याच ओळीत वाचते, अपस्मारावरचे म्हणजे फिटवरचे औषध. 'मला काय फिट येतात का?' असे म्हणून पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. गोळी घरातल्या लग्नाच्या मुलीची असेल, तर पाकीट आणखी आत, साड्यांच्या खाली जाते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. आपल्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट ही लग्नाला बाधा मानलेली होती. तो उल्लेख १९९९ मध्ये काढला गेला. कायद्यातून गेला, सोयरिकीच्या बैठकीतून अजून पुरता गेलेला नाही. आणि गोळी का दिली हे दोन वाक्यांत सांगायला गर्दीच्या ओपीडीत कोणाला वेळ नसतो. ती दोन वाक्ये आज मी तासभर सांगणार आहे.

सुरुवात एका गमतीदार क्रमापासून करू. या गोळ्यांमधली सर्वांत नावाजलेली म्हणजे कार्बामाझेपिन. आपल्याकडे दुकानात टेग्रिटॉल, मॅझेटॉल अशा नावांनी मिळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला १९६८ मध्ये मान्यता दिली ती चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी. फिटसाठीची मान्यता तिथे आली १९७४ मध्ये. म्हणजे सहा वर्षे अमेरिकेत कागदोपत्री हे चेहरादुखीचे औषध होते आणि फिटच्या रुग्णाला देणेच मान्यतेबाहेरचे होते. कोणता शिक्का आधी बसतो हे कंपनी कोणते प्रयोग आधी करते, कोणता अर्ज आधी दाखल करते, यावर ठरते. नसेपर्यंत ती बातमी पोचत नाही.

आता नसेकडे वळू. आपण 'चेहऱ्याची नस' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या नसा एकाच नावाखाली मोडतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी नस हालचालीची. हसणे, डोळा मिटणे, ओठांचा चंबू करणे ही तिची कामे. ती बिघडली की तोंड वाकडे होते. पाचवी नस मुख्यतः संवेदनेची. तिच्या तीन फांद्या आहेत. एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. चावण्याचे स्नायूही हीच तिसरी फांदी हलवते. दुखणे जवळजवळ नेहमी पाचवीचे असते. हा फरक स्पष्ट केला चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने, १८२१ च्या सुमारास, लंडनमध्ये. तोंड वाकडे होण्याच्या आजाराला आज त्याचेच नाव आहे. त्याआधी काय होत होते? चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून शल्यविशारद कधी कधी सातवी नस कापत. दुखणे जिथल्या तिथे राही, वर तोंड वाकडे होई. आजही 'डॉक्टर, चेहऱ्याची नस दबली' म्हणत कोणी आले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की चेहरा हलत नाही, की स्पर्श नीट कळत नाही, की दुखते?

चेहऱ्याच्या कळांचा संबंध फिटशी जोडणारा पहिला माणूस व्हर्सायचा होता. निकोला आंद्रे नावाच्या शल्यविशारदाने १७५६ मध्ये एक ग्रंथ छापला. ग्रंथ मूत्रमार्गाच्या विकारांचा, आणि त्याच्याच पोटात झटक्यांच्या आजारांवरचा एक भाग. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत अशी घरे एकाच वाड्यात असत. त्या भागात त्याने चेहऱ्याच्या या कळांचे वर्णन केले, त्यांना 'तिक् दुलुरू' असे फ्रेंच नाव दिले आणि त्यांना झटक्यांच्या आजारांच्या रांगेत बसवले. लंडनच्या जॉन फॉदरगिलने १७७३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केले ते आजही विद्यार्थ्यांना वाचून दाखवावे इतके नेमके आहे. बहुधा चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, कळ अचानक येते, काही सेकंद टिकते, जाते, पुन्हा येते, आणि निमित्त काय तर घास चावणे, बोलणे, चेहऱ्याला हलका स्पर्श होणे. निरीक्षण उत्तम, उपचार मात्र हेमलॉकचा अर्क, ज्या झाडाचे विष सॉक्रेटिसला दिले तोच. फॉदरगिलला या दुखण्यामागे कर्करोगाची शंका होती आणि त्या काळी हेमलॉक कर्करोगावर देत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या आर्मां त्रूसोने या दुखण्याला सरळ 'अपस्मारासारखी नसदुखी' म्हटले. अचानक सुरू होणे, अचानक थांबणे, मधल्या काळात माणूस अगदी ठीक. मेंदूत फिट येते, तशी ही नसेत येते, असे त्याचे म्हणणे. केवळ रोग्याकडे पाहून काढलेला हा निष्कर्ष होता. तो तपासायला औषध लागत होते आणि ते यायला ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

मधल्या काळात जे झाले त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन कारखान्यांत धातूवरचे वंगण काढायला ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावण वापरत. त्याच्या वाफेने काही कामगारांच्या चेहऱ्याची संवेदना गेली. डॉक्टरांनी उलटा विचार केला की जे चेहरा बधिर करते, ते चेहऱ्याचे दुखणे थांबवेल. मग चेहऱ्याच्या कळांच्या रुग्णांना ही वाफ हुंगायला देऊ लागले. नस मारून टाका, दुखणे मरेल, हाच त्या काळचा विचार. मद्यार्काचे इंजेक्शन, नस कापणे, मुळाशी असलेली नसपेशींची गाठ काढणे, सगळे त्याच वाटेचे.

वाट बदलली ती १९३८ नंतर. बॉस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर प्रयोग करून फेनिटॉइन फिट थांबवते हे दाखवले. चारच वर्षांनी, १९४२ मध्ये, बेर्गुइन्याँ या फ्रेंच डॉक्टरने तेच फेनिटॉइन चेहऱ्याच्या कळांच्या रुग्णांना दिले आणि कळा थांबल्या. त्रूसोचे म्हणणे आता गोळीच्या रूपात तपासले गेले.

मग कार्बामाझेपिन. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात गायगी कंपनीच्या वाल्टर शिंडलरने ते १९५३ मध्ये बनवले. त्या काळी ही कंपनी तीन कड्यांच्या रचनेची अनेक रसायने बनवत होती. नैराश्यावरचे पहिले मोठे औषध इमिप्रामिन त्याच घरातले. स्वीडनच्या ब्लोमने १९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कळवले की फिटसाठी आणलेले हे नवे औषध चेहऱ्याच्या कळांवर विलक्षण काम करते. ज्या रुग्णांना चूळ भरताना भीती वाटे, ते जेवू लागले. आजही अभिजात ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, म्हणजे अपघात किंवा शस्त्रक्रिया झालेली नसताना येणाऱ्या या विजेच्या कळांवर, पहिली गोळी तीच. दहापैकी सात-आठ जणांना सुरुवातीला तरी चांगला आराम पडतो. औषधशास्त्रात इतके चांगले आकडे क्वचित भेटतात. आपल्याकडे अनेकांनी या आजाराचे नाव पहिल्यांदा ऐकले ते सलमान खान यांनी त्याविषयी जाहीरपणे बोलल्यावर.

गोळी करते काय? नसेतून संदेश जातो तो विजेच्या छोट्या लाटेने आणि ती लाट उठते सोडियमचे कण नसेच्या पडद्यातल्या दारांतून आत शिरल्याने. ही दारे क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ, उघडतात आणि बंद होतात. इजा झालेल्या नसेत दारांची वाटणी बिघडते. तुटलेल्या टोकाशी नवे कोंब फुटतात, त्यांचा गुंता होतो आणि त्या गुंत्यात दारे दाटीवाटीने जमतात. पॅट्रिक वॉल आणि मायकेल गुटनिक यांनी १९७४ मध्ये उंदरांच्या नसेतल्या अशा गुंत्यातून आपोआप निघणारे संदेश नोंदवले. त्वचेवर कोणी बोट ठेवलेले नाही आणि संदेश चालू आहेत. पार्किंगमधल्या मोटारीचा अलार्म चोर नसताना वाजत राहावा तसे. फिटमध्ये मेंदूच्या पेशी हेच करतात, कारण नसताना एका सुरात संदेश सोडतात. कार्बामाझेपिन नुकत्याच बंद झालेल्या दाराला धरून ठेवते, लगेच पुन्हा उघडू देत नाही. नस जितकी जास्त बडबडते तितकी तिची दारे औषधाच्या हाती जास्त सापडतात. म्हणून बेफाम नस गप्प होते आणि शांतपणे काम करणाऱ्या नसेला फारसा धक्का लागत नाही.

गाबापेन्टिन आणि प्रीगाबालिन यांची कहाणी वेगळी. गाबापेन्टिन मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रेणूची नक्कल म्हणून बनवले. नावही तेच, पण ते गाबाच्या जागी बसतच नाही. ते कॅल्शियमच्या दारांच्या एका तुकड्याला चिकटते आणि हे १९९६ मध्ये कळले, औषध बाजारात आल्यावर तीन वर्षांनी. नकाशा चुकीचा असून गावी पोचल्याची उदाहरणे औषधशास्त्रात पुष्कळ आहेत. हे त्यांतले बरे उदाहरण.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्यावर येतो. फॉदरगिलच्या रुग्णांच्या नसेला कोणी कापलेले नव्हते. तिथे बहुधा कवटीच्या आत, नस मेंदूतून निघते त्या मुळाशी, एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबून बसलेली असते. वॉल्टर डँडीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात ते पाहिले आणि पीटर जॅनेटाने साठच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. दाढ काढताना, इम्प्लांट बसवताना, दातमुळाचा उपचार करताना किंवा हाड मोडून नसेला इजा झाली तर दुखणे दुसऱ्या जातीचे असते. कळ सेकंदांची राहत नाही, दिवसभर आग राहते. त्यावर अधूनमधून चमक येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिथे दुखते तिथेच सुन्न असते. ओठाला चहाची ऊब कळत नाही आणि त्याच ओठाची आग होते. रुग्णाला हे सांगताना लाज वाटते, कारण ऐकणाऱ्याला ते खोटे वाटते. बधिर जागा दुखेल कशी? दुखते, कारण त्वचेतून येणारे संदेश थांबले तरी तुटलेल्या टोकाकडून येणारे चालू असतात आणि मेंदूच्या देठात संदेश घेणाऱ्या पेशी इजेनंतर स्वतःच हळव्या झालेल्या असतात. म्हणून अशा रुग्णाला दातांच्या भुलीचे इंजेक्शन दिले तर कधी दुखणे थांबते, कधी थांबत नाही. थांबले नाही तर समजावे की गोंधळाचा काही भाग आत सरकला आहे.

आपल्याकडे अशी इजा कुठे होते? खालच्या जबड्याच्या हाडातल्या बोगद्यासारख्या वाटेने एक नस जाते, दातांना, खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना देते. आडवी वाढलेली अक्कलदाढ तिच्या अगदी जवळ असू शकते. दाढ काढल्यावर कायमची इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण आपल्या देशात काढल्या जाणाऱ्या अक्कलदाढांची संख्या पाहता तो एक मोजायला लागतो. दुसरी जागा डोळ्याखालची. तिथल्या हाडाच्या छिद्रातून गालाची नस बाहेर येते आणि दुचाकीवरून पडल्यावर गालाचे हाड मोडले की तिला अनेकदा इजा होते. डोक्यावर टोपीसारखे हेल्मेट घालून हनुवटीखाली पट्टा न लावणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्या हेल्मेटने गाल झाकला जात नाही.

म्हणून गोळी लिहिण्याआधी दुखण्याची जात ठरवावी लागते आणि ती बरीचशी रुग्णाच्या तोंडूनच कळते. 'करंट लागल्यासारखं होतं, मग काही नाही' म्हणणारा माणूस आणि 'सारखी आग, मुंग्या, नि वरून कोणी सुई टोचतंय' म्हणणारा माणूस, दोघांचे औषध एकच असेल असे नाही. पहिल्याला विचारावे की दात घासताना, दाढी करताना, स्कूटरवर वारा लागल्यावर कळ सुटते का? दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कापसाच्या वातीने आणि बोथट सुईने सुन्न भागाची सीमा काढावी, कागदावर रेखाटून ठेवावी. दहा मिनिटांचे काम आहे. ते न करता चाळीस दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात, असे मला फार वेळा दिसले आहे.

आता आकड्यांकडे. इजेनंतरच्या नसदुखीवर डॉक्टर सहसा दोन घरांतून औषध निवडतात. एक घर अमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांचे, दुसरे गाबापेन्टिन आणि प्रीगाबालिन यांचे. विजेसारख्या चमका जास्त असतील तर कार्बामाझेपिन किंवा तिची धाकटी बहीण ऑक्सकार्बाझेपिन. २०१५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त फिनरुप आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला की किती जणांना औषध दिले म्हणजे खोट्या गोळीपेक्षा एका जादा माणसाचे दुखणे निम्म्यावर येते. प्रीगाबालिनसाठी उत्तर आले ७.७. अमिट्रिप्टिलिन-नॉर्ट्रिप्टिलिनच्या जातीसाठी, म्हणजे ड्युलॉक्सेटिन सोडून, ३.६. अभिजात चेहराकळेवरच्या कार्बामाझेपिनसाठी हाच आकडा दोनच्या आत येतो. म्हणजे प्रीगाबालिन घेणाऱ्या आठ जणांत औषधामुळे खरोखर सुटलेला एकच. आणि तोही निम्म्याने, पूर्णपणे नाही. हे आकडे सगळ्या नसदुखीचे एकत्र आहेत. केवळ नसेच्या इजेनंतरच्या दुखण्यावर प्रीगाबालिनची एक मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा आठवड्यांनी गोळी आणि खोटी गोळी यांत मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही.

याचा अर्थ ही औषधे फेकून द्यावीत असा काढू नका. आठातला तो एक आपण असू शकतो. अर्थ एवढाच की एक औषध पुरेशा मात्रेत, सहा ते आठ आठवडे देऊन, दुखणे दहापैकी किती उरले हे विचारावे. उतरले नाही तर ते हळूहळू थांबवून दुसरे द्यावे. एकावर एक रचत जाऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. प्रीगाबालिन, त्यात मिथाइलकोबालामिन, कधी नॉर्ट्रिप्टिलिनही, असे सगळे एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. जीवनसत्त्व ब-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवे, पण चेहऱ्याच्या तुटलेल्या नसेचे दुखणे कोबालामिनने जात नाही. एकत्र कॅप्सूलमध्ये कोणते औषध लागू पडले आणि कोणत्याने चक्कर आली हे कळायला मार्ग उरत नाही. माझ्या मते ही सोय दुकानदाराची आहे.

गाबापेन्टिनची प्रसिद्धी तरी कशी झाली पाहा. अमेरिकेत वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीने मान्यता नसलेल्या डझनभर आजारांसाठी त्याचा प्रचार केला. कंपनीत काम केलेल्या डेव्हिड फ्रँकलिनने ते उघड केले आणि २००४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरले. त्या काळात जगभर पसरलेली सवय दंड भरल्याने पुसली गेली नाही. प्रीगाबालिनच्या नशेची समस्या आपल्या दारातही आली. पंजाबातल्या काही जिल्हा प्रशासनांना जादा शक्तीच्या कॅप्सूलच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधे नियंत्रित यादीत टाकली.

कार्बामाझेपिनचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. फार थोड्या लोकांत, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, अंगावर पुरळ उठते, ताप येतो, तोंडात, डोळ्यांत, जननेंद्रियांवर फोड येतात, त्वचा सुटू लागते. त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन विकार म्हणतात आणि तो जीव घेऊ शकतो. २००४ मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की हान चिनी रुग्णांमध्ये याचा संबंध एचएलए-बी १५:०२ या जनुकीय प्रकाराशी जवळजवळ बांधलेला आहे. अमेरिकेने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची ही रक्तचाचणी आधी करण्याचा इशारा छापला. आपल्या शेजारी गुजरातमधून २००९ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असा विकार झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत हाच प्रकार सापडला. आपल्याकडे ही चाचणी सर्वांसाठी सक्तीची नाही. पण पुरळ दिसली की पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, एवढे प्रत्येक रुग्णाला सांगायला पैसे पडत नाहीत.

बाकी त्रास कमी भयंकर, पण रोजचे. चक्कर, झोप, पाय लटपटणे. सत्तरीच्या पुढच्या आजी रात्री बाथरूमला जाताना पडतात आणि मांडीचे हाड मोडते. दोष मोझॅकच्या फरशीवर जातो. रक्तातले सोडियम घटते, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. कार्बामाझेपिन यकृताला आपला, म्हणजे त्या औषधाचाच, नाश वेगाने करायला शिकवते. म्हणून पहिल्या महिन्यात उतरलेले दुखणे दुसऱ्या महिन्यात परत आले तर औषधाने दगा दिला असे समजू नये, मात्रा वाढवायची वेळ आलेली असते. तेच यकृत गर्भनिरोधक गोळीचाही नाश वेगाने करते आणि हे सांगायला डॉक्टर हमखास विसरतात. प्रीगाबालिन मूत्रपिंडातून बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर मात्रा निम्म्याने, कधी त्याहून कमी करावी लागते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या व्यवसायातल्या लोकांसाठी दोन शब्द. चेहऱ्याच्या कळेसाठी दात काढू नका, जोपर्यंत दाताचाच दोष सिद्ध होत नाही तोपर्यंत. फॉदरगिलच्या काळापासून आजवर चांगले दात निघत आले आहेत आणि प्रत्येक काढलेल्या दातामागे नसेला आणखी एक इजा होते. जुन्या कळेवर नवी आग चढते. दुसरे, दाढ काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर दुसऱ्या दिवशी रुग्णाला फोन करा आणि ओठ सुन्न आहे का विचारा. भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर इम्प्लांट नसेवर बसला असू शकतो. तो पहिल्या दिवस-दीड दिवसात काढला तर नस वाचण्याची आशा असते. तीन महिन्यांनी काढला तर इम्प्लांट जातो आणि दुखणे राहते. तुटलेली नस जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रियाही महिन्यांत मोजायची असते, वर्षांत नाही. गोळ्यांच्या नादात ती मुदत उलटू देऊ नये.

नवे काय? पाकिस्तानात रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून आणि हातात सुऱ्या खुपसून खेळ करणारा एक मुलगा होता. त्याला वेदनाच कळत नव्हती. त्याच्या आणि इतर काही पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ मध्ये कळले की सोडियमच्या दारांचा एकच प्रकार निकामी झाला तर वेदना नाहीशी होते. त्या दारावर औषध शोधण्याचे प्रयत्न बरेच फसले. शेजारच्या प्रकारावर काम करणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ते प्रामुख्याने शरीरभरच्या वेदनेच्या नसांवर काम करते, मेंदूवर जवळजवळ नाही, त्यामुळे झोप आणि चक्कर यांचा जाच कमी. मान्यता मात्र मध्यम ते तीव्र अशा, थोड्या दिवसांच्या दुखण्यापुरती. कमरेच्या दबलेल्या नसेच्या दुखण्यावर त्याची चाचणी झाली तेव्हा खोट्या गोळीनेही तेवढाच आराम दिला. नसेचे जुने दुखणे आणि ताजी जखम यांच्यातले अंतर त्या निकालाने पुन्हा दाखवले.

शेवटी थांबण्याविषयी, कारण याविषयी विचारले जात नाही. दुखणे काही महिने आटोक्यात राहिले तर गोळी कमी करून पाहता येते आणि पाहावीही. इजेनंतरचे दुखणे काही जणांत कालांतराने निवळते. पण पाकीट संपले म्हणून, गावी जाताना विसरले म्हणून, दुकानात नाही म्हणून एका दिवसात बंद करू नका. दुखणे उसळते, झोप उडते, घाम येतो, जीव घाबरतो आणि ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही अशा माणसालाही क्वचित फिट येऊ शकते. कमी करायचे ते आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडे थोडे, आणि ते वेळापत्रक डॉक्टरांकडून तारखांसह कागदावर लिहून घ्या. तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणालातरी वाचून दाखवा.